दिवसा बिघडणारा कॅमेरा

माझ्याकडे एक कॅमेरा होता. तो रात्री चांगला चालायचा आणि दिवसा बिघडायचा. हसू नका. पंचवीस वर्षं मी हे खरं मानत होतो आणि ज्याला त्याला सांगत होतो. गेल्या वर्षी लातूरहून माझा भाचा सुट्टीत नांदेडला आला. ट्रंकेतून त्यानं तो कॅमेरा बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला आणि दोन मिनिटांत एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नानं माझं सगळं शास्त्र कोसळलं.

तो प्रश्न आणि त्याचं उत्तर आज तुम्हाला सांगायचं आहे. कारण हल्ली तरुण मुलं घरातले जुने फिल्मचे कॅमेरे पुन्हा बाहेर काढू लागली आहेत. महागाचा रोल आणून भरतात, फोटो काळे येतात, की ‘कॅमेरा गेला’ म्हणून परत कपाटात. मी काही तंत्रज्ञ नाही. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. पण चूक करण्याचा माझा अनुभव दांडगा आहे, आणि तोच उपयोगी पडेल असं वाटतं.

कॅमेरा मी १९९७ साली नांदेडला एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून जुना विकत घेतला. जपानी बनावटीचा, लेन्स बदलता येणारा, वरच्या चकतीवर ‘ऑटो’ची खूण असलेला. कंपनीचं नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हता हे पुढं कळेलच. त्याआधी माझ्याकडे खिशात मावणारा साधा कॅमेरा होता. रोल टाकायचा आणि बटण दाबायचं, एवढंच काम. मोठा कॅमेरा घेतला तो मुशायऱ्यांचे आणि कविसंमेलनांचे फोटो काढावेत म्हणून. मंचावर उजेड कमी, आणि शेर म्हणणाऱ्याच्या तोंडावर फ्लॅश मारणं मला बरं वाटत नसे. विकणाऱ्यानं सांगितलं, रात्रीसाठी ४०० चा रोल टाका. कॅमेऱ्यावर काय लावायचं ते त्यानंच लावून दिलं. फोटो छान येऊ लागले.

१९९८ च्या हिवाळ्यात मी अम्माला घेऊन आपाकडे लातूरला गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर असा एसटीचा प्रवास. अम्माला फोटोचं वावडं होतं. लग्नाकार्यातही कॅमेरा दिसला की ती आतल्या खोलीत जायची. तिचा म्हणून एकच फोटो आमच्याकडे होता, मतदार ओळखपत्रावरचा. तो पाहून ती स्वतःच विचारायची, ही बाई कोण म्हणून.

त्या सकाळी आपाच्या गच्चीवर चुना दिलेल्या भिंतीला टेकून ती उन्हात बसली होती. डोक्यावरून पांढरी ओढणी पुढं ओढलेली, मांडीवर तांदळाचं ताट. मी कॅमेरा उचलला, तर कधी नव्हे ते ती उठली नाही. ‘क्या देखरा रे उसमें इत्ता? जल्दी कर, धूप लगरी,’ एवढंच म्हणाली. मी तीन फोटो काढले. चांगलं ऊन असणार म्हणून मुद्दाम १०० चा रोल टाकून नेला होता.

रोल धुऊन आला तेव्हा गंजगोलाईचे, आपाच्या पोरांचे फोटो मळकट आणि धुरकट, राख फासल्यासारखे. अम्माचे तिन्ही तर दुकानदारानं छापलेच नव्हते. ‘यात काही उठलंच नाही,’ म्हणाला. पुन्हा काढू म्हटलं. पुन्हा ती बसली नाही. २००१ साली अम्मा गेली.

मधल्या काळात कॅमेरा मी दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. त्यानं उघडला, साफ केला, पैसे घेतले. त्यानंतरच्या मुशायऱ्याचे फोटो उत्तम आले. मी खूश. मग ईदला सकाळी ईदगाहवर फोटो काढले, ते पुन्हा काळे. मी जाऊन त्याला चार शब्द सुनावले. त्यानं परत तपासला आणि म्हणाला, ‘साहेब, कॅमेऱ्यात काही नाही.’ मला वाटलं, त्याला जमत नाही म्हणून हात झटकतोय. शेवटी मीच निदान केलं की हे यंत्र उन्हानं तापतं, म्हणून दिवसा बिघडतं. मराठवाड्याचं ऊन आणि जपानचं यंत्र, दुसरं काय होणार! हे निदान मला इतकं आवडलं की ते तपासून बघावं असं कधी वाटलं नाही. ओळ लंगडली की आम्ही कवी छापखान्याला दोष देतो, त्यातलाच प्रकार. कॅमेरा ट्रंकेत गेला.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येण्याआधी फोटो उजळ किंवा काळा कशानं होतो ते थोडं समजून घेऊ. नळाला पाणी कधी येतं आणि किती येतं याचा हिशेब लातूरकरांना आणि नांदेडकरांना नव्यानं शिकवायला नको, म्हणून पाण्याचंच उदाहरण घेतो. नळाखाली भांडं ठेवलंय. ते नेमकं काठोकाठ भरायचं आहे. तीन गोष्टी महत्त्वाच्या: नळ किती सोडला, किती वेळ सोडला आणि भांडं केवढं आहे. कॅमेऱ्यात नळ म्हणजे लेन्समधलं छिद्र, त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात. वेळ म्हणजे शटर किती काळ उघडं राहतं तो. आणि भांडं म्हणजे फिल्म. भांडं अपुरं भरलं तर फोटो काळा. उतू गेलं तर फोटो पांढरा फटक, आपण ‘जळाला’ म्हणतो तो.

छिद्राचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात आणि आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. दर पायरीला उजेड निम्मा होतो. शटरचे आकडे ६०, १२५, २५०, ५०० असे. म्हणजे सेकंदाचा साठावा, एकशे पंचविसावा भाग. इथंही दर पायरीला वेळ निम्मा. या पायरीला फोटोग्राफर ‘स्टॉप’ म्हणतात. फिल्मचा आकडा म्हणजे तिची उजेड टिपण्याची तेजी. ४०० ची फिल्म १०० च्या चौपट तेज, म्हणून तिला पाव उजेड पुरतो. १०० चा रोल मोठी घागर समजा, आणि ४०० चा म्हणजे तिच्या पावपट मावणारा लोटा.

हा हिशेब पूर्वी माणूस करायचा. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारी राजा दीनदयाळ हे फोटोग्राफर होते. काचेच्या प्लेटवर त्यांनी काढलेले फोटो आजही बघणाऱ्याला थक्क करतात. त्यांच्या कॅमेऱ्यात उजेड मोजणारं यंत्र नव्हतं. ऊन किती, सावली किती, हे डोळ्यांनी जोखायचं आणि वेळ ठरवायची. यंत्राकडे हा निर्णय पहिल्यांदा गेला तो १९३८ साली, कोडॅकच्या ‘सुपर सिक्स-२०’ या कॅमेऱ्यात. पुढं १९७६ साली कॅननच्या ‘एई-१’ मध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि ऑटो कॅमेरे सामान्य हौशी माणसाच्या हातात आले.

अशा कॅमेऱ्यावर जे ‘मोड’ लिहिलेले असतात त्यांचा अर्थ एवढाच की निर्णय कुणी घ्यायचा. ‘एम’ म्हणजे नळही तुम्ही ठरवा, वेळही तुम्हीच ठरवा. ‘ए’ किंवा ‘एव्ही’ म्हणजे नळ तुमच्या हातात, वेळ कॅमेरा ठरवणार. १९७८ चा निकॉन एफई असा आहे. ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ म्हणजे वेळ तुम्ही सांगा, नळ कॅमेरा बघेल. कॅननचा एई-१ या प्रकारचा. ‘पी’ म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यावर सोपवलं. आणि पेंटॅक्स के १००० सारखे कॅमेरे, जे १९७६ ते १९९७ पर्यंत बनत राहिले, ते काहीच ठरवत नाहीत. आत एक काटा हलतो, तो मध्यावर आणायचं काम तुमचं.

पण मोड कोणताही असो, एक गोष्ट असे जुने कॅमेरे स्वतः जाणू शकत नाहीत. भांडं केवढं आहे ते तुम्हीच सांगायचं असतं. त्यासाठी वर एक लहानशी चकती किंवा खिडकी असते. तिच्यावर २५, ५०, १००, २००, ४०० असे आकडे असतात आणि शेजारी ‘एएसए’ किंवा ‘आयएसओ’ लिहिलेलं असतं. रोल बदलला की आकडा बदलायचा. १९८३ पासून कोडॅकनं रोलच्या डबीवर काळे-चंदेरी चौकोन छापायला सुरुवात केली. त्याला डीएक्स कोड म्हणतात. त्यानंतरचे बरेच कॅमेरे ते चौकोन वाचून आकडा आपोआप ओळखू लागले. माझा खिशातला साधा कॅमेरा तसा होता. मोठा कॅमेरा त्याआधीचा. त्याला ते चौकोन वाचता येत नव्हते, आणि मला ते माहीत नव्हतं.

भाच्यानं विचारलेला प्रश्न असा होता: ‘मामू, दिन में सौ का रोल डालते थे बोलते तुम, तो ये चारसौ पे कायकू है?’

चकती चारशेवर होती. विकणाऱ्यानं लावून दिली तेव्हापासून तिथंच होती. रात्रीच्या मुशायऱ्यांना मी ४०० चा रोल टाकायचो, हिशेब जुळायचा. दिवसा १०० चा टाकायचो, आणि कॅमेरा घागरीला लोटा समजून नळ पावपट वेळातच बंद करायचा. बिघाड उन्हात नव्हता, कॅमेऱ्यात नव्हता आणि दुरुस्तीवाल्याच्या हातातही नव्हता. त्याची माफी मागावी म्हणून मी दुकान शोधत गेलो. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

तर फोटो बिघडले की काय करायचं, ते क्रमानं सांगतो. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. चुकलेल्या माणसानं तिथं प्रत्येक रस्त्यानं थोडं थोडं चालून बघितलं तर दिवस मावळेल. आपण आलो कुठून हे आधी आठवावं लागतं.

ते सांगते निगेटिव्ह. छापलेल्या फोटोवर विश्वास ठेवू नका, कारण छापताना यंत्र चुका सांभाळून घेतं. निगेटिव्ह उजेडासमोर धरा. ती काचेसारखी फिकी आणि रिकामी असेल तर फिल्मला उजेड कमी मिळाला. गडद आणि काळीकुट्ट असेल तर जास्त मिळाला. मग कडेला छापलेले आकडे आणि अक्षरं बघा. ती धुण्याच्या वेळी उठतात, आपल्या फोटोंशी त्यांचा संबंध नसतो. ती ठसठशीत असून चित्रं फिकी असतील, तर धुणाऱ्यानं काम नीट केलंय आणि चूक फोटो काढतानाची आहे. अक्षरंच पुसट असतील तर चौकशी लॅबमध्ये करा.

दुसरा प्रश्न: सगळा रोल सारखाच बिघडलाय, की काही फोटोच? सगळा सारखा असेल तर कारण कायमचं आहे, म्हणजे चकती, सेल किंवा मीटर. काहीच बिघडले असतील तर त्या फोटोंत काय सारखं आहे ते शोधा. सगळे उन्हातले आहेत का, सगळे फ्लॅशचे आहेत का? आणि फोटोचा एकच भाग काळा असेल तर संशय शटरवर घ्या.

कारणांकडे जाताना फुकटात तपासता येतं ते आधी. पहिली ही फिल्मच्या आकड्याची चकती. तिच्याच शेजारी किंवा तिच्यातच दुसरी एक चकती असते, तिच्यावर अधिक दोन, अधिक एक, शून्य, उणे एक, उणे दोन असं लिहिलेलं असतं. मुद्दाम उजेड कमीजास्त करायला ती असते. मागच्या वेळी कुणीतरी ती उणे दोनवर नेलेली असते आणि परत शून्यावर आणायची राहून जाते. मग लेन्स. ‘एस’ आणि ‘पी’ मोडमध्ये छिद्र कॅमेरा ठरवणार असतो, म्हणून लेन्सवरची कडी त्याच्या स्वाधीन करावी लागते. काही कंपन्यांच्या लेन्सवर त्यासाठी ‘ए’ची खूण असते, काहींना कडी सर्वांत लहान छिद्रावर, म्हणजे १६ किंवा २२ वर ठेवावी लागते. कडी मधेच ८ वर राहिली तर कॅमेरा हवं तेवढं छिद्र लावू शकत नाही. आणि लेन्स नीट फिरवून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसली आहे का, तेही बघून घ्या.

यानंतर सेल. ऑटो कॅमेऱ्यात शटरची वेळ विजेवर मोजली जाते. सेल गेला तर काही कॅमेरे मुळीच चालत नाहीत. काहींचा आतला आरसा वर अडकून बसतो आणि माणूस घाबरतो. निकॉन एफईसारख्या कॅमेऱ्यात सेलशिवाय चालणारी एकच ठरावीक गती ठेवलेली असते. सेल अर्धमेला असेल तर मात्र तो जास्त फसवतो, कारण कॅमेरा चालतो पण चुकीचा चालतो. घड्याळाच्या दुकानात एलआर ४४ नावाचे चपटे सेल मिळतात. ते अल्कलाइन, त्यांचा दाब हळूहळू उतरत जातो. त्याच आकाराचा एसआर ४४ हा सिल्व्हर ऑक्साइडचा. तो शेवटपर्यंत सारखा चालतो आणि मग एकदम संपतो. जुन्या मीटरला हा दुसरा बरा.

त्याहून जुन्या कॅमेऱ्यांत पाऱ्याचे सेल असत, १.३५ व्होल्टचे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते बाजारातून गेले. त्यांच्या जागी १.५ व्होल्टचा सेल टाकला तर बऱ्याच कॅमेऱ्यांतल्या मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त भासतो आणि फोटो काळे येतात. यावर एक साधा उपाय आहे. कानाच्या मशिनीत घालतात ते झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्टचे असतात. ते चालतात, पण काही आठवड्यांत संपतात. सेलच्या खोबणीत हिरवट बुरशीसारखं काही साचलं असेल तर कापसाच्या काडीला थोडा व्हिनेगर लावून पुसा आणि कोरडं करा. आणि माझ्यासारखं करू नका: कॅमेरा ठेवून देताना सेल आधी काढून ठेवा.

तिसरं कारण कॅमेऱ्यात नसतंच, ते समोर असतं. मीटरला माणूस, भिंत, आभाळ यांतलं काही कळत नाही. समोर जे काही आहे ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो हिशेब करतो. समोर सगळं पांढरं असेल तर त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो नळ लवकर बंद करतो. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची पांढरी वास्तू ऑटोवर काढा, ती करडी येईल. ईदगाहवर पांढऱ्या कुर्त्यांच्या रांगा काढा, चेहरे काळे येतील. याच्या उलट कंधारच्या किल्ल्याचा काळा दगड किंवा काळे बुरखे चौकटभर असतील, तर मीटर जास्त उजेड देऊन बसतो. उपाय असा: पांढऱ्यासाठी ती दुसरी चकती अधिक एक किंवा दीडवर न्या, काळ्यासाठी उणे एकवर. किंवा चेहऱ्याच्या जवळ जाऊन तिथलं माप घ्या, ‘एम’ मोडमध्ये तेच आकडे लावा आणि मग मागं येऊन फोटो काढा. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून टायमर लावून आपण फोटोत पळत जातो, तेव्हा पाहायच्या भिंगातून मागचा उजेड आत शिरतो आणि मीटर फसतो. ते भिंग झाकून ठेवा.

लग्नातल्या फोटोंचा एक वेगळा प्रकार आहे. फ्लॅश लावलाय आणि फोटोचा एक भाग उजळ, बाकीची पट्टी काळी. इथं शटरची गती फ्लॅशच्या मर्यादेबाहेर गेलेली असते. फ्लॅश चमकतो तेव्हा दुसरा पडदा चौकटीचा काही भाग झाकू लागलेला असतो. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा ६० किंवा १२५ असते आणि तो आकडा वेगळ्या रंगात किंवा ‘एक्स’ या खुणेसह लिहिलेला असतो. त्याच्या वर जाऊ नका.

एवढं करूनही शंका उरली तर रोल न टाकता एक परीक्षा करता येते, आणि ती रेडिओला शोभेल अशी कानांनी करायची आहे. मागचं दार उघडा. ‘ए’ मोड लावा. काही कॅमेऱ्यांत फोटोंचा आकडा १ वर येईपर्यंत ऑटो सुरूच होत नाही, म्हणून दार लावून दोनतीनदा रिकामं शटर मारून घ्या. आता खोलीतल्या साध्या उजेडात छिद्र १६ वर ठेवून बटण दाबा. ‘खट्’ असा एक आवाज, मग थोडी शांतता, मग दुसरा ‘खट्’ यायला हवा. छिद्र २.८ किंवा २ वर आणा आणि दाबा. मधली शांतता अगदी कमी झाली पाहिजे. दोन्ही वेळा आवाज एकसारखाच आला तर कॅमेरा उजेड मोजतच नाहीये.

मग त्याला अंगणात न्या. भर दुपारी, निरभ्र आभाळ, चकतीवर १०० आणि छिद्र १६. गवतावर किंवा डांबरी रस्त्याच्या कडेच्या मातीवर धरा. कॅमेऱ्यानं १२५ च्या आसपास गती दाखवली पाहिजे. एका पायरीचा फरक चालेल. ५०० दाखवत असेल तर मीटर दोन पायऱ्या चुकतोय, म्हणजे फोटो काळे येणार. आपल्याकडे असं ऊन वर्षातले कितीतरी महिने फुकट मिळतं. परीक्षेसाठी याहून चांगली प्रयोगशाळा नाही.

यातून सगळं पार पडलं आणि तरीही फोटो चुकत असतील, तरच यंत्राच्या पोटात बिघाड आहे असं समजा. लेन्समधल्या पात्यांना तेल लागलं असेल तर ती वेळेवर मिटत नाहीत. मग उन्हात, ११ किंवा १६ वर काढलेले फोटो जळतात आणि पूर्ण उघड्या छिद्रानं काढलेले नीट येतात. शटरचे पडदे आळसावले असतील तर १००० च्या गतीला फोटोची एक बाजू काळी पडते. आतल्या सर्किटमधले कपॅसिटरही वयोमानानं जातात. ही कामं जाणत्या कारागिराची. शटरच्या पडद्याला बोट लावू नका आणि कुठंही तेल सोडू नका. आणि कारागीर ‘काही बिघाड नाही’ म्हणाला, तर तो खरं बोलत असेल ही शक्यताही मनात ठेवा.

माझ्या रोलचं पुढं काय झालं, ते राहिलं. निगेटिव्ह मी जपून ठेवल्या होत्या. भाच्यानं त्या खिडकीशी धरल्या. कडेला १०० चा आकडा ठसठशीत होता, म्हणजे लॅबही निर्दोष. सगळा रोल सारखा फिका, ती चकतीची करामत. अम्माचे तिन्ही फोटो मात्र जवळजवळ रिकामे, कारण तिथं दुसरी चूकही येऊन मिळाली. पांढरी भिंत, पांढरी ओढणी आणि ऊन. आधीच पाव उजेड, त्यातून मीटरनं आणखी कापला. कुठल्या चुकीनं काय नेलं, हे इतकं स्वच्छ दिसत होतं की मला राग धरायलाही कुणी उरलं नाही.

भाच्यानं त्या तिन्ही चौकटींचे आपल्या कॅमेऱ्यानं फोटो घेऊन ते संगणकावर उलटे केले, उजळले. पहिल्या दोन्हींत भिंत आली, ओढणीची कड आली, ताटाची गोलाई आली. ओढणीच्या सावलीत चेहरा होता, तिथं नुसते दाणे. ज्या जागी फिल्मला उजेडच पोहोचला नाही, तिथून कुठलंही यंत्र काही काढून देऊ शकत नाही. तिसऱ्या फोटोच्या वेळी तिनं मान थोडी उन्हाकडे वळवली असावी. त्यात कपाळाची आणि नाकाची एक पुसट रेघ उठली. ती आम्ही लातूरला आपाला पाठवली. तिनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग फोन करून म्हणाली, ‘अम्माच है.’

तो कॅमेरा आता भाच्याकडे असतो. नवा सेल टाकला, तो ठणठणीत चालतो, दिवसासुद्धा. त्यानं पहिला रोल भरला तेव्हा मी नांदेडहून फोन करून चकती कितीवर आहे ते विचारलं. दुसऱ्या रोलच्या वेळी पुन्हा विचारलं. आता तो हसतो आणि मी विचारायच्या आत आकडा सांगतो. तुमच्याही घरी असा कॅमेरा असेल, तर आधी एक साधा रोल झाडाझुडपांवर, रस्त्यावर, गच्चीवर घालवा. तो धुऊन आला, नीट आला, की मगच कॅमेरा त्या माणसासमोर धरा, जो कदाचित पुन्हा बसणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)